अडलीय ती वेगळीच फाईल

उद्योगांना पर्यावरणाच्या परवानग्या लवकर मिळाव्यात, या मागणीला आता उघड विरोध करणारं कुणी उरलेलं नाही. दिल्लीतलं मंत्रालय तेच म्हणतं, मुंबईतलं सरकार तेच म्हणतं आणि बांबवड्याच्या चौकात चहा पीत बसलेला खडी क्रशरवालाही तेच म्हणतो. पहिल्या दोघांसाठी ते धोरण आहे, तिसऱ्यासाठी रोजचं दुखणं.

त्याचं दुखणं खरं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्याच्या शाहूवाडी तालुक्यात क्रशर टाकायचा, वीटभट्टी घालायची, पोल्ट्री वाढवायची किंवा आंबा गावाच्या बाजूला चार खोल्यांचं हॉटेल काढायचं, तर ग्रामपंचायतीचा ठराव, तहसीलचे कागद, वनखात्याचा दाखला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र एवढं तरी गोळा करावं लागतं. मंडळाचं कार्यालय कोल्हापुरात. अर्ज ऑनलाइन भरायचा, म्हणजे प्रत्यक्षात सल्लागाराला पैसे देऊन भरून घ्यायचा. मग फाईल त्रुटीत निघते. एक त्रुटी भरून दिली की दुसरी निघते. दोन्ही एकाच वेळी का सांगता आल्या नाहीत, हे विचारायचं नसतं. कर्जाचे हप्ते मात्र त्रुटीसाठी थांबत नाहीत. असा माणूस शेवटी फाईलवर वजन ठेवतो, नाहीतर परवानगीची वाट न पाहता धंदा सुरू करतो. दोन्ही वेळा कायद्याची किंमत कमी होते आणि नदी-डोंगराला काडीचाही फायदा होत नाही.

आमच्या पर्यावरणवाल्या मंडळींनी हेही कबूल करायला हवं की उशीर हा त्यांना मनातून हवाहवासा वाटत आलेला आहे. नकोसा प्रकल्प रोखता येत नसेल तर निदान रखडू दे, असा तो हिशेब. पण रखडलेला प्रकल्प मरत नाही. सरकार बदलतं, मंत्री बदलतो, आंदोलनातली पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला जातात आणि तीच फाईल वरच्या कपाटातून खाली येते. उशिराने डोंगर वाचला अशी उदाहरणं शोधायला गेलं तर फार थोडी सापडतात.

म्हणून वेग हवाच. फक्त वेळ जातो कुठे, हे नीट पाहिल्याशिवाय वेगाची कोणतीही योजना फुकट आहे.

कागदावर पाहिलं तर आपली व्यवस्था काही गोगलगाय नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेने प्रत्येक टप्प्याला मुदत बांधून दिली. अभ्यास कशाचा करायचा ती कार्यकक्षा ठरवायला ६० दिवस, जनसुनावणी उरकायला ४५, अंतिम अहवाल आल्यावर तज्ज्ञ समितीच्या छाननीला ६० आणि त्यावरच्या निर्णयाला आणखी ४५. शेवटचे दोन मिळून १०५ दिवस. हा आकडा इतका रुळला की पर्यावरणीय मंजुरी म्हणजे १०५ दिवस असंच समीकरण झालं. महालेखापरीक्षकांनी या सगळ्या कारभाराची तपासणी करून २०१६ सालच्या अहवालात जे नोंदवलं ते मात्र दोन्ही बाजूंना अडचणीचं होतं. मंजुऱ्या मुदतीत मिळत नाहीत, आणि मंजुरीसोबत घातलेल्या अटी नंतर पाळल्या जातात की नाही हेही धड कुणी पाहत नाही. म्हणजे उद्योजकाचा वेळ जातो आणि त्या वेळेच्या बदल्यात समाजाच्या पदरात काही पडत नाही.

या रोगावर केंद्राने काढलेला उपाय पाहण्यासारखा आहे. १० ऑगस्ट २०१८ रोजी परिवेश नावाचं पोर्टल सुरू झालं. सगळे अर्ज एका खिडकीत आले, अर्जदाराला आपली फाईल कुठे आहे ते दिसू लागलं. ही चांगली गोष्ट झाली, तिच्याविरुद्ध बोलण्यासारखं काही नाही. पुढे १७ जानेवारी २०२२ ला मंत्रालयाने परिपत्रक काढून राज्यांच्या पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणांना तारांकित श्रेणी द्यायचं ठरवलं. ८० दिवसांच्या आत मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाला दोन गुण, १०५ दिवसांच्या आत देणाऱ्याला एक, त्याहून उशीर झाला तर शून्य. अर्जदाराकडे जादा माहिती फार वेळा मागितली तर गुण कमी. आणि मोठ्या संख्येने प्रकल्पांच्या जागी जाऊन पाहणी केली, तरीही गुण कमी.

परीक्षकाने किती पेपर लवकर तपासले एवढंच पाहून त्याला बक्षीस द्यायचं, उत्तरं वाचली का ते विचारायचंच नाही, असा हा प्रकार. जागा पाहायला जाणं हा ज्या व्यवस्थेत दोष ठरतो तिला शाहूवाडीसारखा तालुका कळणं अशक्य आहे. कारण शाहूवाडी ही कागदावरून कळण्याची जागाच नाही.

या तालुक्याची पूर्व आणि पश्चिम ही दोन वेगळी जगं आहेत. पूर्वेला ऊस, गुऱ्हाळं, साखर कारखाना, बागायत. पश्चिमेला आंबा, विशाळगड, गजापूर, बर्की. तिथे पाऊस मोजायचं भांडं भरून वाहतं. वारणा तालुक्याच्या उत्तरेच्या कडेने जाते, कडवी आणि कासारी इथेच जन्म घेतात. कडवी पुढे वारणेला मिळते आणि कासारी पंचगंगेला, म्हणजे सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत नळाला येणाऱ्या पाण्याचा एक धागा या डोंगरांत आहे. उत्तरेला चांदोली, दक्षिणेला राधानगरी. दोन्ही २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा आणि राधानगरी अभयारण्याचा सांधा जोडणारा जंगलपट्टा शाहूवाडीतून जातो. आणि याच पट्ट्यातल्या डोंगरमाथ्यांवर जांभ्याच्या थराखाली बॉक्साईट आहे. कोल्हापूर जिल्ह्यातलं बॉक्साईट वर्षानुवर्षं बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याकडे जात आलंय. शाहूवाडीच्या माथ्यांवरही खाणी झाल्या आहेत, नव्या खाणींचे प्रस्ताव येत राहतात. पर्यावरणाच्या परवानगीचा प्रश्न या तालुक्यात सगळ्यात धारदार होतो तो इथे.

आता हा डोंगरमाथा, म्हणजे सडा, मे महिन्यात पाहा. काळा-तांबडा, भाजून निघालेला कातळ. मधूनच वाळल्या गवताचे झुबके, एखादं खुरटं झुडूप, लांबवर गुरं. ज्याला ठाऊक नाही तो म्हणेल, इथे काय आहे, खणून घ्या की. जूनमध्ये पहिल्या सरी पडतात आणि महिन्याभरात तोच सडा ओळखू येत नाही. कातळावर बोटभर माती, तिच्यात पाणी साचतं, त्या पाण्यात बेडकांची पिल्लं होतात. ऑगस्ट-सप्टेंबरला सीतेची आसवं, गेंद, तेरडा, सोनकी. किडे खाऊन जगणारी दवबिंदूची रोपं. यातल्या पुष्कळ वनस्पतींचं सगळं आयुष्य त्या तीन-चार महिन्यांत आटपतं. उरलेलं वर्ष त्या बी नाहीतर कंद होऊन दगडाच्या फटीत पडून असतात. पाण्याचंही तसंच आहे. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्यात मुरतो, खालच्या घट्ट थरापाशी अडतो आणि सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतो. त्या झऱ्यांवर धनगरवाडे आणि वाड्या वसलेल्या आहेत. माथ्यावरचा जांभ्याचा थर काढला तर खालच्या वाडीचा झरा कोणत्या वर्षी आटेल, हा प्रश्न विचारायला भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. उत्तर द्यायला मात्र किमान एक पावसाळा तिथे काढावा लागतो.

आणि नेमका पावसाळाच आपल्या पद्धतीत वगळलेला आहे. खाणींसाठी मंत्रालयाने ठरवून दिलेली जी प्रमाणित कार्यकक्षा आहे, तिच्यात हवा, पाणी, माती, आवाज आणि वनस्पती-प्राणी यांची माहिती एका हंगामाची गोळा करायला सांगतात, पावसाळा सोडून. मार्च ते मे चालेल, ऑक्टोबर ते डिसेंबर चालेल, डिसेंबर ते फेब्रुवारी चालेल. धुळीचा विचार केला तर यात तथ्य आहे. पावसात धूळ बसते, मग हवा खोटीच स्वच्छ दिसते. पण हवेसाठी केलेला नियम फुलांना आणि झऱ्यांना लावला की काय होतं? सल्लागार मार्चमध्ये सड्यावर येतो, प्रामाणिकपणे पाहतो आणि प्रामाणिकपणे लिहितो की इथे उल्लेखनीय असं काही आढळलं नाही. खोटं कुणीच बोललेलं नसतं. अहवाल मुदतीत येतो, छाननी मुदतीत होते, प्राधिकरणाला गुण मिळतात.

अप्रामाणिकपणाची उदाहरणंही आहेत. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साईट खाणीच्या आघात मूल्यांकन अहवालात रशियातल्या बॉक्साईट प्रकल्पाच्या अहवालातले उतारे उचलून घातलेले निघाले होते. कोकणातल्या पक्ष्यांचं वसतिस्थान म्हणून त्यात स्प्रूस आणि बर्चची जंगलं होती. हे प्रकरण खूप गाजलं, लोक हसले. मला त्यातली हसण्यासारखी गोष्ट कधीच मोठी वाटली नाही. अहवाल लिहिणाऱ्याचे पैसे प्रकल्पवाला देतो, वाचणाऱ्याला जागा माहीत नसते आणि जिला जागा माहीत असते त्या गावाला अहवाल वाचता येत नाही, कारण तो इंग्रजीत असतो. गावापर्यंत येतो तो मराठीतला गोषवारा. हे तीन धागे आहेत तसेच ठेवून वेग वाढवला तर बर्चची झाडं फक्त लवकर उगवतील.

मग वेळ वाचवायचा कसा? माझं म्हणणं सरळ आहे. परवानगीला वेळ लागतो कारण प्रत्येक अर्जाच्या वेळी आपण जागेची ओळख पहिल्यापासून करून घ्यायला बसतो, आणि तीही अर्जदाराच्या खर्चाने, अर्जदाराच्या माणसाकडून. या सड्यावर काय आहे, हा झरा कुठून येतो, या खिंडीतून जनावरं जातात का, हे प्रश्न प्रकल्पाचे नाहीत, जागेचे आहेत. त्यांची उत्तरं अर्ज येण्याआधी, सरकारी खर्चाने, सगळ्यांना वाचता येतील अशी तयार असायला हवीत. ती तयार असली तर निम्मे अर्ज टेबलावर येताक्षणीच निकाली निघतील. इथे खाण नाही, विषय संपला. इथे पोल्ट्रीला अडचण नाही, उद्या सुरू करा. खरा विचार करावा लागेल असे अर्ज मधले थोडेच उरतील, आणि त्यांच्यासाठी अधिकाऱ्याकडे वेळ असेल. झटपट नकार हीसुद्धा उद्योजकाची सोयच असते. सात वर्षं फिरवून दिलेल्या नकारापेक्षा पंधराव्या दिवशी मिळालेला नकार कितीतरी स्वस्त पडतो. तारांकित श्रेणीतले ते दोन गुण मात्र मंजुरीच्या वेगाला होते, नकाराच्या नाही.

ही कल्पना नवी नाही. आपण ती तीनदा हातात घेतली आणि एकदाही तडीस नेली नाही.

पहिली वेळ १९९० च्या दशकातली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जिल्ह्याजिल्ह्यांचे नकाशे करायला घेतले होते. कुठल्या भागात कोणत्या प्रकारचा उद्योग पेलेल हे दाखवणारे. रत्नागिरी जिल्ह्याचा असा नकाशा झालाही होता. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी त्याच्याबद्दल पुष्कळ लिहिलं: सरकारनेच पैसे खर्चून केलेला नकाशा लोकांसमोर आला नाही आणि कारखाने त्याच्याकडे न पाहता बसवले गेले.

दुसरी वेळ महाराष्ट्राची स्वतःची. नदीपासून किती अंतरावर कोणता उद्योग चालेल, याचं नदी नियमन क्षेत्राचं धोरण राज्याने २००० साली केलं, २००९ मध्ये सुधारलं. त्यात उणिवा होत्या, अंतरं सरसकट होती, ठीक. पण त्याचा एक गुण असा की अर्ज करण्याआधीच माणसाला नकाशा काढून स्वतःचं उत्तर कळत होतं. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्याने काविळीची साथ आली, माणसं गेली. पंचगंगेच्या प्रदूषणाचा खटला उच्च न्यायालयात चालूच होता. एवढं होऊनही फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्य सरकारने ते धोरण रद्द केलं. कारण दिलं ते उद्योगसुलभतेचं. मला आजही याचं नवल वाटतं. सगळ्यात सोपा, सगळ्यात जलद, माणसाच्या लहरीला सगळ्यात कमी वाव देणारा नियम सुलभतेच्या नावाखाली काढून टाकला, आणि त्याच्या जागी जे आलं ते प्रत्येक अर्ज वेगळा तपासण्याचं काम.

तिसरी वेळ म्हणजे पश्चिम घाटाचं संवेदनशील, म्हणजे इको सेन्सिटिव्ह क्षेत्र, आणि ती अजून संपलेली नाही. त्याच माधव गाडगीळांची समिती २०१० मध्ये नेमली, ऑगस्ट २०११ मध्ये तिचा अहवाल आला. तो सरकारने दाबून ठेवला आणि माहिती अधिकाराच्या लढाईनंतर २०१२ मध्ये बाहेर आला. मग त्याच अहवालाची छाननी करायला कस्तुरीरंगन समिती, तिचा अहवाल एप्रिल २०१३. त्यावर आधारलेला अधिसूचनेचा पहिला मसुदा १० मार्च २०१४ चा. दुसरा सप्टेंबर २०१५, तिसरा फेब्रुवारी २०१७, चौथा ऑक्टोबर २०१८, पाचवा जुलै २०२२. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ ला, वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसं गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. सहा राज्यांतलं ५६ हजार ८०० चौरस किलोमीटरहून थोडं अधिक क्षेत्र, त्यात महाराष्ट्राचं १७ हजार ३४०. शाहूवाडीतली गावं या यादीत आहेत. प्रत्येक मसुद्याला ठरावीक दिवसांची मुदत. तेवढ्यात अंतिम अधिसूचना निघाली नाही की मसुदा मेला आणि पुन्हा पहिल्यापासून.

या मसुद्यात आहे काय? खाणी, दगडखाणी आणि वाळूउपसा बंद. चालू खाणी पाच वर्षांत किंवा पट्टा संपेपर्यंत आटोपत्या घ्यायच्या. औष्णिक वीजकेंद्र नाही. सर्वाधिक प्रदूषण करणारे लाल वर्गातले नवे उद्योग नाहीत. २० हजार चौरस मीटर आणि त्यावरची बांधकामं नाहीत. शेती, घरं, गुरं, गावातली नेहमीची कामं यांना हात नाही. हे खरोखर अंतिम झालं असतं तर शाहूवाडीच्या पश्चिम भागात कुठल्या अर्जाला कोणतं उत्तर मिळणार, हे तलाठ्यालाही सांगता आलं असतं. जे सरकार उद्योजकाला १०५ दिवसांत उत्तर द्यायचं म्हणतं, त्याने या एका नकाशाला दहा वर्षांहून अधिक काळ उत्तर दिलेलं नाही. बाकीच्या सगळ्या फायली ज्या फाईलमुळे झरझर हलल्या असत्या, तीच सगळ्यात जास्त रखडली आहे.

ती का रखडली, याचं उत्तर फक्त राजकारण असं देऊन भागणार नाही. महाराष्ट्र सरकारने यादीतून गावं वगळावीत म्हणून केंद्राकडे मागणी केली, त्यात खाणींचे आणि उद्योगांचे हितसंबंध आहेतच. पण शाहूवाडीच्या गावांत इको सेन्सिटिव्ह हा शब्द उच्चारला की माणसं सावध होतात, तेही खरं आहे आणि त्यालाही कारण आहे. चांदोलीच्या धरणात आणि अभयारण्यात याच डोंगरातली गावं उठली. त्यांच्या पुनर्वसनासाठी कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर किती वेळा ठिय्या बसला, हे जिल्ह्याला आठवतं. गव्यांनी शेत खाल्लं तर पंचनाम्याची वाट पाहायची, घराला लाकूड तोडायचं तर वनरक्षकाची मर्जी सांभाळायची. अशा माणसाला दिल्लीहून आलेल्या यादीत आपल्या गावाचं नाव दिसलं, ते का आलं हे कुणी सांगितलं नाही, आणि शेजारच्या गावाचं नाव गाळलेलं दिसलं, तर तो संशय घेणारच. कस्तुरीरंगन समितीने उपग्रहाच्या चित्रांवरून नैसर्गिक आणि सांस्कृतिक भूप्रदेश वेगळे काढले आणि गाव हे एकक धरलं. काम नेटकं झालं, पण त्यात गावाला विचारण्याची पायरी नव्हती. गाडगीळांचा आग्रह याच पायरीसाठी होता. ग्रामसभेत अहवाल मराठीत वाचला जावा आणि गावाने आपल्या हद्दीत काय राखायचं ते सांगावं. ते वेळखाऊ ठरवून बाजूला ठेवलं. वाचवलेल्या त्या वेळेची किंमत म्हणजे हे सहा मसुदे.

गावाला विचारलं की उशीर होतो, हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. ओडिशातल्या नियमगिरीची गोष्टही बॉक्साईटचीच. खाणीचा वाद मंत्रालयात आणि न्यायालयांत वर्षानुवर्षं फिरत होता. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ग्रामसभांना विचारा. जुलै आणि ऑगस्टमध्ये बारा ग्रामसभा झाल्या, बाराही नाही म्हणाल्या, आणि जानेवारी २०१४ मध्ये मंत्रालयाने प्रस्ताव फेटाळला. विचारल्यापासून निकालापर्यंत नऊ महिने. ग्रामसभा म्हणजे सगळं पवित्र असं मी म्हणत नाही. आपल्याकडे ग्रामसभेचं इतिवृत्त सरपंचाच्या ओसरीवर कसं लिहिलं जातं आणि डंपरचा ठेका मिळालेला गावातलाच पोरगा खाणीच्या बाजूने कसा बोलतो, हे कुणाला माहीत नाही? पण असा मॅनेज झालेला ठराव निदान गावात ओळखू येतो, त्याला आव्हान देणारा शेजारी असतो. २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी मात्र उलटा रस्ता धरला: केंद्राची मंजुरी आधी, वनहक्कांची पूर्तता करून घेण्याची जबाबदारी नंतर राज्यावर. निर्णय झाल्यावर गावाला विचारणं म्हणजे लग्न लागल्यावर मुलीची पसंती विचारणं.

पायऱ्या गाळून मिळवलेला वेग टिकत नाही, हे गेल्या काही वर्षांत न्यायालयांत दिसलं आहे. मार्च २०२० च्या २८ तारखेला, सगळा देश घरात कोंडलेला असताना, रस्ते आणि पाइपलाइनसारख्या प्रकल्पांसाठी माती-मुरूम काढायला पर्यावरणीय मंजुरी नको अशी सूट अधिसूचनेने दिली. हरकती मागवल्या नाहीत. आंबा घाटातून जाणारा रत्नागिरी–नागपूर महामार्ग ज्यांच्या दारावरून जातो त्यांना रस्त्याच्या मुरूमासाठी टेकडी कशी कापली जाते ते सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने ती सूट मार्च २०२४ मध्ये रद्द केली. परवानगी न घेता सुरू केलेल्या प्रकल्पांना मागाहून मंजुरी देण्याची २०१७ ची वाट वनशक्ती या मुंबईच्या संस्थेच्या याचिकेवर मे २०२५ मध्ये न्यायालयाने बंद केली, आणि त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला. ज्याने या काळात पैसे गुंतवले त्याच्या हाती काय होतं? दर वर्षी बदलणारा कायदा. उद्योजकाला वेगापेक्षा जास्त गरज असते ती आजचं उत्तर पाच वर्षांनी तेच राहील या खात्रीची, आणि ती खात्री घाईच्या परिपत्रकांतून येत नाही.

शाहूवाडीपुरतं बोलायचं तर दिल्लीचा सहावा किंवा सातवा मसुदा अंतिम होण्याची वाट पाहण्याचं कारण नाही. जैवविविधता कायदा २००२ पासून आहे. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असलीच पाहिजे. बहुतेक ठिकाणी ती कुणीतरी बाहेरून भरून आणलेली, कपाटातली वही आहे. ती खरी करायची. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे, तिथल्या वनस्पतिशास्त्राच्या माणसांनी या सड्यांवर आयुष्यं घालवलेली आहेत. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे घेऊन एका तालुक्याची एकदाच नोंद करायला काय खर्च येईल? प्रत्येक खाणवाला, प्रत्येक रिसॉर्टवाला सल्लागाराला जे देतो त्याचा एक हिस्सा फी म्हणून जिल्ह्याच्या खात्यात जमा झाला तरी काम होईल, आणि अहवाल लिहिणाऱ्याचा मालक बदलेल. झरे, सडे, जनावरांच्या वाटा, देवराया, दरडीचे उतार हे सगळं गटनंबरासकट नकाशावर, मराठीत, सातबाऱ्याइतकं सहज पाहता येईल असं. मग कमी प्रदूषणाच्या पांढऱ्या आणि हिरव्या वर्गातल्या छोट्या उद्योगांना, नकाशावर मोकळ्या दिसणाऱ्या जागी, स्वघोषणेवर सुरुवात करू द्यावी. पांढऱ्या वर्गाला संमतीपत्रातून केंद्राने २०२४ मध्ये सूट दिली, ते योग्यच झालं. वाचलेले अधिकारी मंजुरीनंतरच्या तपासणीला लावावेत. प्रदूषण मंडळांतल्या रिकाम्या जागा भरा म्हणून न्यायालयं सारखी सांगत आहेत. माणूसच नसेल तर १०५ दिवस काय आणि ८० काय, फाईल वाचणार कोण?

याला विरोध होईल, आणि तो फक्त गावातून होणार नाही. आंब्याच्या, विशाळगडाच्या बाजूला डोंगरउतारावरची जमीन बाहेरच्या लोकांनी घेऊन ठेवण्याचा धंदा जोरात आहे. तिथे पुढे काय चालणार हे ठरलेलं नसतं, म्हणून ती स्वस्त मिळते. वाडीतला शेतकरी, इको सेन्सिटिव्ह लागलं तर काहीच करता येणार नाही या भीतीने आज विकतो. घेणारा मात्र दहा वर्षं थांबू शकतो, मसुदे येऊ-जाऊ देऊ शकतो आणि सीमारेषा आपल्या गटाच्या पलीकडून आखली जाईल एवढी ओळख ठेवून असतो. नकाशा आजच अंतिम झाला आणि झऱ्यापासून अमुक अंतरात बांधकाम नाही हे खरेदीखताच्या आधीच दोघांनाही दिसलं, तर त्या व्यवहारात एकाचं नुकसान टळतं आणि दुसऱ्याचा नफा जातो. परवानग्यांच्या उशिराबद्दल मुंबईतल्या परिषदांमध्ये तावातावाने बोलणाऱ्यांत या दुसऱ्या प्रकारची माणसं किती आहेत आणि नकाशाच्या उशिराबद्दल ती कधी बोलली आहेत का, एवढं एकदा तपासायला हवं.